ओपी पॉयझनिंगवर थिसिस: इंदूरच्या कॅज्युअल्टीत डेटा कसा गोळा करायचा?

मल्हारगंज

नमस्कार. एमडी इमर्जन्सी मेडिसिन, पहिलं वर्ष. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायचा आहे. विषय असा ठरतो आहे: ऑर्गॅनोफॉस्फेट (ओपी, एक प्रकारची कीटकनाशकं) विषबाधेत दाखल होतानाचा पेराडेनिया स्कोअर (विषबाधा किती तीव्र ते सांगणारा) आणि पुढे व्हेंटिलेटर लागणं यांचा संबंध. अभ्यास निरीक्षणाचा, उपचारात काही बदल नाही. रुग्ण शहरातले कमी. धार, झाबुआ, बडवानी, खरगोन, देवासकडून रेफर होऊन येणारे जास्त. विषयाला गाईडचा होकार आहे, पद्धतीचा भाग लिहायचा राहिलाय. सॅम्पल साइज, फॉर्म, संमती आणि रात्रीचे रुग्ण, या चार गोष्टींवर जाणकारांनी लिहावं ही विनंती.

पलासिया

विषय चांगला आहे, मालव्या-निमाडच्या कॅज्युअल्टीला शोभणारा आहे. पण तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टींच्या आधी एक पाचवी येते, आणि ती चुकली तर बाकीच्या चार नीट करूनही हाती काही लागत नाही.

पेराडेनिया स्कोअर १९९३ मध्ये श्रीलंकेतून आला. त्यात सहा बाबी आहेत: बाहुलीचा आकार, श्वासाचा वेग, नाडीचा वेग, स्नायूंची थरथर, शुद्धी आणि झटके. पहिल्या पाचांना ० ते २, झटक्यांना ० किंवा १, एकूण ११. तीनपर्यंत सौम्य, ४ ते ७ मध्यम, ८ ते ११ गंभीर. आता या सहांपैकी बाहुली आणि नाडी या दोन बाबी ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं मुख्य औषध, थेट बदलतं. बडवानीहून निघालेला रुग्ण तिथल्या जिल्हा रुग्णालयात ॲट्रोपिन घेऊन, वाटेत १०८ मध्ये आणखी घेऊन तुमच्यापर्यंत पोहोचतो. त्याची बाहुली ४ मिलिमीटर, नाडी १२०. स्कोअर येतो ३, आणि दोन तासांनी त्याला नळी घालावी लागते. तुमचा निष्कर्ष निघेल की स्कोअर निकामी आहे. खरं तर तुम्ही विषाचा स्कोअर मोजलाच नाही, ॲट्रोपिनचा मोजला.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहा: आधी ॲट्रोपिन मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट, विश्लेषण वेगवेगळं, मुख्य निष्कर्ष न मिळालेल्या गटावर. फॉर्ममध्ये चार रकाने वाढवा: रेफर चिठ्ठीत ॲट्रोपिनची नोंद आहे का, किती मिलिग्रॅम, शेवटचा डोस किती वाजता, आणि रेफर करणाऱ्या डॉक्टरने नोंदवलेली बाहुली व नाडी असेल तर ती. चिठ्ठीवर नुसतं 'इंज. ॲट्रोपिन दिलं' एवढंच असेल तर 'मात्रा अज्ञात' लिहा. अंदाजाने आकडा भरू नका.

दुसरा मुद्दा निष्पत्तीचा. 'व्हेंटिलेटर लागला' आणि 'व्हेंटिलेटर मिळाला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेड नसला की रुग्ण अंबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) राहतो, नातेवाईक आळीपाळीने दाबत बसतात. तुमच्या नोंदीत तो 'व्हेंटिलेटर नाही' असा गेला तर सगळ्यात आजारी माणूस सौम्य गटात बसला. निष्पत्ती म्हणून 'एंडोट्रॅकियल नळी घालण्याचा निर्णय' घ्या, त्याची कारणं ठरावीक ठेवा आणि वेळ लिहा. पहिल्या २४ तासांतला श्वसनाचा बिघाड आणि २४ ते ९६ तासांत येणारा इंटरमीडिएट सिंड्रोम (स्नायू उशिरा दुबळे पडणं) हे वेगळे मोजा. दुसऱ्यात मान उचलता न येणं ही सुरुवातीची खूण असते. दाखल होतानाच्या स्कोअरने तो ओळखता यावा अशी अपेक्षाच ठेवू नये.

स्नेहलतागंज

आकडेमोडीचं मी लिहितो. पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागाकडे बहुतेक सिनॉप्सिस ४पीक्यू भागिले डी-वर्ग हे सूत्र लावूनच येतात. ते एखाद्या गोष्टीचं प्रमाण शोधायला ठीक आहे. तुमचा प्रश्न प्रमाणाचा नाही, नळी लागणाऱ्यांपैकी किती रुग्ण स्कोअर हेरतो याचा आहे. म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा.

समजा सेन्सिटिव्हिटी ८५ टक्के अपेक्षित आहे आणि १० टक्के इकडेतिकडे चालेल (हाच डी). १.९६ चा वर्ग ३.८४, गुणिले ०.८५, गुणिले ०.१५, भागिले ०.०१. उत्तर ४९. हे ४९ एकूण रुग्ण नव्हेत, नळी घातलेले रुग्ण. दाखल झालेल्यांपैकी ३० टक्क्यांना नळी लागते असं धरलं तर ४९ भागिले ०.३० म्हणजे १६४. दहा टक्के माहिती अपुरी राहील असं धरून १८३. हे ८५ आणि ३० मी उदाहरणाला घेतलेत. तुमचे आकडे तुमच्याच विभागाच्या गेल्या वर्षीच्या रजिस्टरमधून काढा, दुसऱ्या प्रांतातल्या लेखातून उचलू नका.

पलासिया सरांचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा ठरतो. मुख्य निष्कर्ष ॲट्रोपिन न मिळालेल्या गटावर असेल तर हे १८३ त्या गटातले हवेत. ते दीड वर्षात मिळतील का, हे रजिस्टर उघडून आजच मोजा. मिळत नसतील तर डी १० ऐवजी १२ करा आणि तसं प्रामाणिकपणे लिहा. आकडा जमवण्यासाठी दोन्ही गट एकत्र करू नका.

आणखी एक. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (अनेक घटकांचा निष्पत्तीशी संबंध एकत्र मोजण्याची पद्धत) एका घटकामागे साधारण दहा घटना, म्हणजे इथे नळी घातलेले रुग्ण, हव्यात. तुमच्याकडे ४९ घटना असतील तर चार, फार तर पाच घटक. वय, लिंग, गाव, विषाचं नाव, वेळ, कोलिनेस्टरेज (ओपीने बंद पडणारं एन्झाइम), लॅक्टेट, स्कोअर, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) असे नऊ घटक घालून काढलेलं मॉडेल छापायला सुंदर दिसतं आणि पुढच्या शंभर रुग्णांवर कोसळतं.

छत्रीबाग

कॅज्युअल्टीच्या नर्सिंगकडून लिहिते. डॉक्टर, फॉर्म एका पानाचा करा, दोन्ही बाजूंना नको. स्ट्रेचर आलं की आधी कपडे काढणं, अंग धुणं, सक्शन, आयव्ही लाइन, ॲट्रोपिन भरणं. तेव्हा कोणी पान उलटत नाही. वरच्या अर्ध्या भागात फक्त आल्याबरोबर बघायच्या गोष्टी ठेवा, खालचा अर्धा नंतर भरता येतो.

घड्याळांचं बघा. भिंतीवरचं एक वेळ दाखवतं, मॉनिटर दुसरी, ईसीजी मशीन तिसरी, नोंदणी खिडकीतला कॉम्प्युटर चौथी. एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्याच्या) मशीनवर तर कधीकधी तारीखही चुकलेली असते. तुमच्या अभ्यासात 'आल्यापासून नळी घालेपर्यंतची मिनिटं' असेल आणि आल्याची वेळ खिडकीतून, नळीची वेळ भिंतीवरून घेतली तर उत्तर उणे येऊ शकतं. दर सोमवारी सकाळच्या ड्यूटीत सगळी घड्याळं मोबाइलच्या वेळेशी जुळवायची आणि वहीत सही करायची. अभ्यासाला वेळ एकाच घड्याळाची घ्या.

श्वासाचा वेग पूर्ण ६० सेकंद मोजायला सांगा. केस पेपरवर बहुतेक ठिकाणी तो २० असतो, आणि तुमच्या स्कोअरची सीमारेषा नेमकी २० वरच आहे.

मल्हारगंज

घड्याळ आणि श्वासाचा मुद्दा लगेच पद्धतीत घेतो, सिस्टर. बाहुलीसाठी काय वापरावं? टॉर्च आणि नजर पुरेशी आहे का?

छत्रीबाग

पारदर्शक प्लास्टिकची मिलिमीटरची पट्टी किंवा बाहुलीच्या आकाराचं छापील कार्ड. कार्ड फॉर्मच्या पॅडलाच दोऱ्याने बांधा, खिशात ठेवलं की दुसऱ्या दिवशी नसतं. एकाच बाजूच्या प्रकाशात दोन्ही डोळे बघा आणि विष डोळ्यात उडालं होतं का तेही विचारा. फवारणीत एकाच डोळ्यात गेलं असेल तर ती एकच बाहुली सुईच्या टोकाएवढी झालेली असते.

निमाडकर

संमतीबद्दल. एथिक्स कमिटी याच भागावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारते आणि ते बरोबरच आहे.

या रुग्णांपैकी बरेच शुद्धीवर नसतात, बऱ्याच जणांनी विष जाणूनबुजून घेतलेलं असतं. संमती कायदेशीर प्रतिनिधीकडून, म्हणजे जवळच्या नातलगाकडून घ्यावी लागते. इथे एक नाजूक गोष्ट आहे. केस एमएलसी (पोलिसांत नोंद होणारी, मेडिको-लीगल) असते आणि सोबत आलेला माणूस नवरा, सासरा किंवा जमिनीच्या वादातला भाऊ असू शकतो. उद्या त्याच्यावरच तक्रार होऊ शकते. म्हणून नातं फॉर्मवर स्पष्ट लिहा, आणि रुग्ण शुद्धीवर आला, बोलता झाला की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्या, एकट्याने विचारून. त्याने नाही म्हटलं तर त्याची माहिती काढून टाकायची. हा क्रम सिनॉप्सिसमध्ये शब्दशः लिहा. उशिरा घेतलेली संमती चालते की नाही हे संशोधकाने ठरवायचं नसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार देऊन कमिटीकडे तशी मागणी करायची आणि लेखी मंजुरी घ्यायची.

भाषा हा दुसरा अडथळा. फॉर्म हिंदीत असतो. झाबुआ-अलीराजपूरकडचे भिली बोलतात, बडवानी-खरगोनकडचे बारेली किंवा निमाडी. हिंदी 'हो' म्हणण्यापुरती समजते, अभ्यास म्हणजे काय हे समजण्यापुरती समजत नाही. त्या भाषा जाणणारे वॉर्डबॉय, आया, गार्ड यांची यादी आधी करा. अंगठा घेणार असाल तर निःपक्ष साक्षीदार सगळी समजावणी होत असताना हजर हवा, नुसता सहीपुरता बोलावलेला नको. तो तुमच्या अभ्यासातला माणूसही नसावा.

फॉर्मवर नाव आणि एमएलसी नंबर लिहू नका. फक्त अभ्यास क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारी वही वेगळ्या कुलपात. अभ्यासाचे कागद आणि केस पेपर एका फाइलमध्ये ठेवले की पुढे ते एकत्रच बाहेर जातात.

देवगुराडिया

एक वेगळं मत मांडतो. तीन वर्षं मिळतात, त्यात निरीक्षणच का करायचं? दोन औषधपद्धतींची तुलना, रँडमाइझ करून (कोणाला कोणती पद्धत हे योगायोगाने ठरवून), हे जास्त मोलाचं. ॲट्रोपिन अधूनमधून बोलस (एकदम एक डोस) देणं विरुद्ध डोस दुप्पट करत जाऊन मग इन्फ्युजन (सलग थेंबाथेंबाने), असं काहीतरी.

पलासिया

तुम्ही सुचवलेल्या तुलनेतली दुसरी पद्धतच आज शिकवली जाते: १.८ ते ३ मिलिग्रॅम, दर पाच मिनिटांनी तपासून दुप्पट, छाती मोकळी होऊन नाडी आणि बीपी ८० च्या वर येईपर्यंत; मग लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला. हे माहीत असताना अर्ध्या रुग्णांना जुन्या पद्धतीवर ठेवणं कमिटीसमोर टिकणार नाही, टिकूही नये.

रँडमाइझ करण्याला विरोध नाही. आपल्या क्षेत्रात मोठे प्रश्न त्यानेच सुटले. क्रॅश-२ या अपघातग्रस्तांवरच्या अभ्यासात ४० देशांतले २०,२११ जखमी होते, भारतातलेही पुष्कळ, आणि रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत व पुढचा १ ग्रॅम आठ तासांत, हे २०१० पासून जगभर गेलं. पण त्या अभ्यासाचा प्रवेश-फॉर्म एका पानाचा होता आणि प्रश्न एकच होता. एका रेसिडेंटने एका केंद्रात ८० रुग्णांवर मृत्यूदराची तुलना केली तर 'फरक आढळला नाही' एवढंच छापून येतं, आणि ते वाचून कोणी चुकीचा अर्थ काढतो.

तरीही करायचंच असेल तर निदान एवढं सांभाळा. सम-विषम केस नंबर किंवा ओपीडीचा वार म्हणजे रँडमाइझेशन नव्हे. आधी तयार केलेली यादी, ४ आणि ६ असे बदलते ब्लॉक, आरपार न दिसणारी क्रमांक घातलेली पाकिटं, आणि पाकीट फोडण्याआधी त्याच्यावर रुग्णाचा अभ्यास क्रमांक व वेळ. यादी करणारा माणूस ड्यूटीवरचा नको. सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) नोंदणी पहिल्या रुग्णाच्या आधी; १ एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेतलीच जात नाही. पीजी थिसिस आहे का, असा रकाना फॉर्ममध्ये आहेच. तिथून शंका परत येतात, उत्तरं द्यावी लागतात. तो वेळ धरून चाला.

देवगुराडिया

पटलं. पण मग निरीक्षणाच्या अभ्यासात रात्रीचे रुग्ण सुटतात त्याचं काय? अशा थिसिसमध्ये सगळे रुग्ण सकाळी नऊ ते दोनचे असतात.

स्नेहलतागंज

हा अख्खा अभ्यास खोटा पाडणारा दोष आहे. रात्री येणारे लांबून आलेले असतात, उशिरा आलेले असतात, जास्त आजारी असतात. ते सुटले की तुमची लोकसंख्याच बदलली.

आठवड्यात आठ तासांच्या २१ पाळ्या होतात. तुम्ही सगळ्या करू शकत नाही. मग चिठ्ठ्या टाकून, समजा, सात पाळ्या निवडा. त्यात रात्रीच्या किमान दोन येतील असं बघा. निवडलेल्या पाळीत येणारा प्रत्येक रुग्ण घ्यायचा, एकही सोडायचा नाही. इतर पाळ्यांतले आवडीने घ्यायचे नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे सहकारी रेसिडेंटना फॉर्म शिकवून सगळ्याच पाळ्या घेणं. ओपीचे रुग्ण आपल्याकडे मोजके असल्यामुळे मला दुसरा मार्ग बरा वाटतो.

काहीही निवडलं तरी स्क्रीनिंग लॉग ठेवा. आलेला प्रत्येक ओपी रुग्ण, घेतला की नाही, नसेल तर का. हा लॉग दर रविवारी एमएलसी रजिस्टरशी ताडून बघा. जे राहिले ते कोणत्या वेळेचे होते हे दिसलं तर परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देता येतं.

आणि कॅलेंडर बघा. सोयाबीन जूनअखेर पेरलं जातं, फवारणी जुलैपासून. संकलनाच्या काळात खरिपाचा एक पूर्ण हंगाम यायलाच हवा. डिसेंबरात सुरू करून जूनला संपवलं तर आकडा जमणार नाही. उन्हाळ्यात गहू साठवण्याच्या दिवसांत सल्फासचे रुग्ण येतात, ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड, तुमच्या अभ्यासातले नव्हेत; 'कीटकनाशक' म्हणून रजिस्टरमध्ये एकत्र लिहिलेले असतात ते वेगळे काढा. जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिनेही आत्ताच वजा करा. तेवढा काळ संकलन कोण करणार, त्याचं नाव प्रोटोकॉलमध्ये असावं.

मल्हारगंज

सीरम कोलिनेस्टरेज घेऊ का? गाईड म्हणतात ठेव, निदान पक्कं दिसतं.

पलासिया

निदानाला ठेवा, तीव्रतेला नको. किट आणि तापमानानुसार सामान्य मर्यादा बदलते. धारच्या खासगी लॅबचा आकडा आणि आपला आकडा एका रकान्यात घालता येत नाही. एकाच लॅबची, पहिली, आल्यावर लगेच घेतलेली तेवढीच धरा.

लॅक्टेट किंवा एबीजीचं वेगळं संकट आहे. रात्री कार्ट्रिज संपली की तपासणी होत नाही. होते तेव्हा जास्त आजारी रुग्णाची होते. मग 'उपलब्ध' लॅक्टेटची सरासरी चढी दिसते. रिकाम्या जागेपुढे कारण लिहायची सवय लावा: नमुना घेतला नाही, मशीन बंद, कार्ट्रिज नाही.

निमाडकर

नळी घालण्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं, पण औषधाचं राहिलं. सक्सिनिलकोलिन (नळी घालताना स्नायू सैल करणारं औषध) ज्या एन्झाइमने तुटतं तेच ओपीने बंद पडलेलं असतं, म्हणून लुळेपणा लांबतो. त्याऐवजी रोक्युरोनियम १.२ मिलिग्रॅम दर किलोला बरं. अभ्यासात याचा संबंध असा की सक्सिनिलकोलिन दिलेल्याला 'व्हेंटिलेटरवरचे तास' जास्त येतील आणि ते विषाच्या खात्यात जमा होतील. औषधाचं नाव व मात्रा नोंदवाच.

प्रयत्नाची व्याख्याही लिहा: लॅरिंगोस्कोपचं पातं तोंडात गेलं की एक प्रयत्न, नळी पुढे सरकली असो वा नसो. नोंद नळी घालणाऱ्याने करू नये. त्याची नजर स्वरयंत्रावर असते, सॅच्युरेशन किती खाली गेलं हे त्याला दिसत नाही. मॉनिटरच्या ट्रेंडमधून सर्वांत खालचा आकडा सिस्टरने उतरवावा.

पलासिया

यातून रेसिडेंटचं प्रशिक्षण आपोआप होतं, म्हणून मी या फॉर्मचा इतका आग्रह धरतो. नळीच्या नोंदीचा हाच एअरवे फॉर्म विभागातल्या प्रत्येक नळीसाठी भरला तर लॉगबुक वेगळं लिहायची गरज पडत नाही. आज लॉगबुकमध्ये 'इंट्युबेशन: केलं' एवढंच असतं. कितव्या प्रयत्नात, कोणत्या औषधावर, बीपी पडलं का, यातलं काही नसतं, आणि गाईडला सही करताना काही कळत नाही. महिन्याच्या बैठकीत ज्या नळ्यांत सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं तेवढे फॉर्म काढून अर्धा तास बोलावं. कोण चुकलं हे बाजूला ठेवून उशी नीट होती का, तीन मिनिटं प्रीऑक्सिजनेशन (नळीआधी ऑक्सिजन देणं) झालं का, सक्शन चालू होतं का, हे बघावं. ओपीमध्ये सक्शन एक पुरत नाही, दोन लावा.

सोनोग्राफीचंही तसंच. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सची शिफारस प्रत्येक प्रकारासाठी २५ ते ५० तपासलेल्या स्कॅनची आहे. 'तपासलेल्या' हा शब्द विसरू नका. क्लिप जतन झाली नाही तर कोणी तपासणार कशी?

स्नेहलतागंज

सहकारी फॉर्म भरणार असतील तर त्यांचा मेळ मोजा. पहिल्या २० रुग्णांचा स्कोअर दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न दाखवता काढायचा. नुसते टक्के देऊ नका, कप्पा (योगायोगाने जुळणारं वजा करून उरलेला मेळ) द्या. उदाहरण करून दाखवतो. शंभर रुग्ण, 'झटके आले का' या प्रश्नावर दोघांचं 'हो' २ मध्ये, दोघांचं 'नाही' ९० मध्ये, ८ मध्ये मतभेद, चार-चार. मेळ ९२ टक्के, वाचायला उत्तम. पण दोघंही फक्त ६ टक्क्यांना 'हो' म्हणतात, त्यामुळे योगायोगानेच ८८.७ टक्के जुळलं असतं. कप्पा येतो ०.२९, म्हणजे कमकुवत. थरथर आणि झटका यांत गोंधळ होतो म्हणून असं होतं. दोन्हींच्या व्याख्या फॉर्मच्या तळाशी एकेका ओळीत छापा.

मास्टर चार्टबद्दल (सगळ्या रुग्णांची माहिती असलेला तक्ता) थोडक्यात. एक ओळ एक रुग्ण. सेल जोडू नका, रंगाने अर्थ दाखवू नका. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना वेगळे कोड. तारीख आणि वेळ एकाच रकान्यात, नाहीतर २३:५० ला आलेल्या आणि ००:१५ ला नळी घातलेल्या रुग्णाची वजाबाकी उणे येते. एक्सेल ०७/०८ ला कधी ७ ऑगस्ट समजतं, कधी ८ जुलै. महिना अक्षरात लिहा. विश्लेषणाला जमोवी किंवा आर ही फुकट सॉफ्टवेअर चालतात.

मल्हारगंज

शेवटचं एक. लामा घेऊन (डॉक्टरांचा सल्ला डावलून, सही करून) जाणारे आणि न सांगता जाणारे बरेच असतात. त्यांना 'नळी लागली नाही' यात धरावं का?

निमाडकर

नाही. ते कितव्या तासाला गेले ते लिहा आणि वेगळ्या गटात ठेवा. बरेच जण खर्चाला घाबरून गावी नेतात, काही खासगीत जातात. म्हणून दाखल होतानाच दोन फोन नंबर घ्या, एक रुग्णाच्या घरचा, एक गावातल्या शेजाऱ्याचा किंवा आशाताईंचा. ते घेण्याची परवानगी संमतिपत्रात मागितलेली हवी. शेजाऱ्याला किंवा आशाताईंना फोन केला तर फक्त 'रुग्णाशी बोलायचं आहे' एवढंच सांगा. विषाचं नाव, आत्महत्येचा प्रयत्न, काही म्हणजे काही बोलू नका. सातव्या दिवशी संध्याकाळी सातनंतर फोन लावा, तेव्हा माणसं शेतातून परतलेली असतात. तीनदा लावून लागला नाही तर 'संपर्क नाही' आणि तारखा.

स्नेहलतागंज

आणि विश्लेषण दोनदा करा. एकदा त्या सगळ्यांना नळी लागली असं धरून, एकदा कोणालाच लागली नाही असं धरून. दोन्हींत सेन्सिटिव्हिटी फार हलली नाही तर निष्कर्ष टिकतो. हलली तर दोन्ही आकडे छापा.